गाईड निवडताना एच-इंडेक्सकडे कसं बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झालं, जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली, आणि पेशीजीवशास्त्रात पीएच.डी.साठी दोन लॅबमधून होकार आला. एका सरांचा एच-इंडेक्स (पेपर आणि त्यांना मिळालेले संदर्भ यांवरून काढलेला आकडा) ४१, ते कॅन्सरच्या पेशींवर काम करतात, लॅब वीसेक वर्षं जुनी. दुसऱ्या मॅडमचा १४, त्यांचं काम यीस्टवर, लॅब सुरू होऊन सात वर्षं झालीत. मित्रमंडळी म्हणतात, विचार कसला करतोस, ४१ कडे जा. तुम्हाला विचारायचंय की हा आकडा एखाद्या शास्त्रज्ञाचं काम आणि त्याचं वजन खरंच सांगतो का, आणि सांगत नसेल तर ते ओळखायचं कशावरून.

मी बरीच वर्षं पेशीजीवशास्त्राची लॅब चालवते आहे आणि निवड समित्यांवर बसून असे आकडे भरपूर वाचले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न अडकलेत. या व्यक्तीच्या कामामुळे इतर लॅबमध्ये काही बदललं का, हा पहिला. या लॅबमध्ये पाच-सहा वर्षं काढली तर मी चांगला संशोधक होईन का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर होकारार्थी आलं म्हणून दुसऱ्याचं तसंच येतं असं नाही. नावाजलेल्या लॅबमधून प्रयोगाची आखणी न शिकताच बाहेर पडलेली मुलं मी पाहिली आहेत. फारसं कुणाला ठाऊक नसलेल्या लॅबमधून तयार होऊन आलेलीही पाहिली आहेत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पुढे परदेशात पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधन) करायचं की औषध कंपनीत जायचं, गाईडच्या निवृत्तीला किती वर्षं उरलीत, प्रकल्पाचा पैसा कुठून येतो आणि कधीपर्यंत पुरणार, घरी आई-वडिलांजवळ राहणं गरजेचं आहे का. यांतली एखादी गोष्ट अख्खं पारडं फिरवू शकते. त्यामुळे मी सांगते ती पाहण्याची रीत, निर्णय तुमचाच.

आधी तो आकडा. एच-इंडेक्स २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. एखाद्याच्या १४ पेपरना प्रत्येकी निदान १४ सायटेशन (इतर पेपरांत आलेले संदर्भ) असतील तर त्याचा एच १४. निदान १५ सायटेशन असलेले १५ पेपर होईपर्यंत तो पुढे सरकत नाही. या हिशेबामुळे आकडा वर्षांबरोबर वाढत जातो आणि खाली कधी येत नाही. संशोधन बंद केलेल्या माणसाचा एचसुद्धा जुन्या पेपरांवर चढत राहतो. शिवाय एखाद्या पेपरला पाच हजार सायटेशन मिळाले तरी एचमध्ये त्याची भर एकाचीच. म्हणजे सातत्याने बऱ्यापैकी वाचलं जाणारं काम हा आकडा टिपतो, पण एखादा मोठा शोध त्यात दिसतच नाही.

आणि तुमच्या दोन लॅबची तुलना तर मुळातच बसत नाही. कॅन्सरच्या पेशींवर जगभर प्रचंड संख्येने लॅब काम करतात. तिथे पेपर जास्त छापले जातात, प्रत्येक पेपरात संदर्भांची यादी लांब असते, त्यामुळे सगळ्यांचेच सायटेशन वाढतात. यीस्टची बिरादरी लहान आहे. वीस वर्षांचा कॅन्सरवाला आणि सात वर्षांची यीस्टवाली यांचे एच शेजारी ठेवून काही कळत नाही. मॅडमची तुलना करायचीच तर त्याच सुमारास लॅब सुरू केलेल्या, यीस्टवरच काम करणाऱ्या इतरांशी करा. तशी केलीत तर सात वर्षांच्या लॅबला १४ हा चांगला आकडा आहे असं माझं मत आहे.

आता ४१ च्या आत शिरूया, कारण त्यात काय काय मिसळलेलं असतं हे बाहेरून दिसत नाही. रिव्ह्यू लेखांना, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखांना, मूळ प्रयोगांच्या पेपरांपेक्षा सायटेशन सहज जास्त मिळतात, कारण प्रस्तावना लिहिताना एकच रिव्ह्यू जोडला की दहा पेपरांचं काम भागतं. रिव्ह्यू लिहिणं कमी प्रतीचं नाही, चांगला रिव्ह्यू लिहायला खोल समज लागते. पण तो स्वतःचा शोध नव्हे. दुसरी गोष्ट सामूहिक पेपरांची. ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच भाग मोडून पुन्हा वापरणं) मोजायची कशी याच्या मार्गदर्शक सूचनांचा २०१६ सालचा पेपर घ्या. त्याचे लेखक दोन हजारांहून अधिक आहेत आणि सायटेशन हजारोंनी. पेपर उपयोगाचा आहे, मीही तो वापरते. पण त्या यादीतल्या प्रत्येकाच्या खात्यावर ते सगळे सायटेशन जमा होतात.

तिसरी अडचण नावांची, आणि ती आपल्याकडे फार आहे. एस. पाटील, ए. कुलकर्णी, एस. जोशी, पी. देशमुख या नावांनी गूगल स्कॉलरवर शोधलंत तर कृषी विद्यापीठापासून हृदयरोगापर्यंतचे पेपर एकाच खात्यात गोळा झालेले सापडतील. उलट लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचे आधीचे पेपर भलतीकडेच राहतात. म्हणून ऑर्किड क्रमांकावरून (संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) शोधा, आणि स्कॉलरचा आकडा स्कोपस या सायटेशनच्या डेटाबेसशी पडताळून घ्या. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (नियतकालिकात छापण्याआधी टाकलेले पेपर), परिषदांची पुस्तकं सगळं मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा बहुधा मोठाच निघतो.

मी स्वतः करते ते असं. पबमेडवर (जीववैद्यकीय पेपरांचा ऑनलाइन डेटाबेस) त्या व्यक्तीचे गेल्या आठ-दहा वर्षांचे पेपर काढते आणि लेखकांची नावं बघते. आपल्या विषयात पहिलं नाव बहुतेक वेळा बेंचवर काम केलेल्या विद्यार्थ्याचं किंवा पोस्टडॉकचं असतं, आणि शेवटचं नाव ज्याच्या लॅबमध्ये ते काम झालं, ज्याने प्रश्न मांडला आणि पैसा आणला, त्याचं. मधली नावं मदतीची: कुणी एखादं प्रथिन दिलं, कुणी मायक्रोस्कोपी करून दिली. मदतीचं मोल आहेच. पण शेवटचं नाव किंवा पत्रव्यवहाराचा पत्ता त्या गाईडचा आहे, असेच पेपर मी बाजूला काढते. दीडशे पेपरांची यादी अशी गाळली की पुष्कळदा वाचता येईल एवढी छोटी होते. मग त्यातले चार-पाच नीट वाचायचे. याला पर्याय नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल थोडक्यात. युजीन गारफील्ड यांच्या १९५५ च्या सायटेशन इंडेक्सच्या कल्पनेतून तो पुढे आला, आणि तो मोजतो नियतकालिक, म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात ते. त्यातला एकेक पेपर तो मोजत नाही, माणूस तर नाहीच. कोणत्याही नियतकालिकात थोडेच पेपर भरपूर सायटेशन खेचतात आणि बहुतांश पेपर त्या सरासरीच्या खालीच असतात. या आकड्यावरून माणसं जोखू नका असं जाहीरपणे सांगणारा डोरा जाहीरनामा २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत ठरला, आणि तोही अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या वार्षिक संमेलनात. म्हणजे या प्रश्नावर सगळ्यात आधी आवाज उठवणाऱ्यांत आपल्याच विषयाची माणसं होती. पुढच्याच वर्षी नोबेल मिळालेल्या रँडी शेकमन यांनी आपल्या लॅबचे पेपर यापुढे 'नेचर', 'सेल' आणि 'सायन्स'कडे पाठवणार नसल्याचं जाहीर केलं. त्यांनी पेशीतून प्रथिनं बाहेर कशी पाठवली जातात याचे जनुक यीस्टमध्येच शोधले होते. तेव्हा यीस्टवर काम म्हणजे दुय्यम, ही समजूत मित्रांनी करून दिली असेल तर ती मनातून काढून टाका.

मग वजन ओळखायचं कशावरून? माझं उत्तर असं: एखाद्याच्या कामातून आलेली कोणती गोष्ट दुसऱ्या लॅबमध्ये रोजच्या वापरात आहे, ते शोधा. ती गोष्ट म्युटंट (जनुकात बदल झालेला जीव) असेल, सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) असेल, अँटिबॉडी असेल, पद्धत असेल, किंवा विचार करण्याची एखादी चौकट असेल.

यासाठी सायटेशन मोजण्यापेक्षा ते ज्या वाक्यात आलंय ते वाक्य वाचावं लागतं. मॅडमचा एक पेपर घ्या, तो ज्यांनी वापरला त्यांची यादी उघडा, आणि त्यातले दहाएक पेपर काढून आपल्याला हवा तो संदर्भ क्रमांक शोधा. 'पेशीविभाजनात या प्रथिनाचा सहभाग अनेकांनी दाखवला आहे' असं वाक्य आणि त्यामागे आठ क्रमांकांची माळ, त्यात हा एक. असं सायटेशन हजेरीपुरतं. पण 'अमुक यांनी दाखवल्याप्रमाणे हे प्रथिन काढून टाकलं की स्पिंडल तिरका होतो. तो का होतो हे पाहण्यासाठी आम्ही' अशी सुरुवात दिसली तर समजा, दुसरी लॅब यांच्या खांद्यावर उभी राहून काम करते आहे. तिसरी जागा मेथड्सची. 'हा स्ट्रेन अमुक यांच्या लॅबकडून मिळाला' हे वाक्य तिथे किंवा आभारांच्या परिच्छेदात येतं. मला सगळ्यात बोलकं तेच वाटतं, कारण कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये ती नळी जाऊन बसली आहे आणि तिच्यावर त्यांचा स्वतःचा प्रयोग उभा आहे. प्लाझ्मिडच्या (जनुक पेशीत न्यायला वापरतात तो डीएनएचा गोल तुकडा) बाबतीत ॲडजीन या प्लाझ्मिडच्या भांडारावर त्या लॅबचं नाव टाकून बघा. आपलं साहित्य सगळ्यांसाठी तिथे ठेवलं आहे की नाही, यावरून त्या लॅबचा स्वभावही कळतो.

पद्धतींचं वजन किती असतं ते बघा. प्रथिन मोजण्याची लाउरी यांची १९५१ ची पद्धत हा सर्वाधिक सायटेशन मिळालेला पेपर आहे, तीन लाखांच्या वर. लेमली यांचा प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलचा १९७० चा पेपरही त्याच पंगतीतला. तुम्ही एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला दोन्ही केलेच असतील. आणि गंमत नव्हे, गांभीर्याने सांगते, आज हजारो लॅब लेमलीचं बफर रोज बनवतात आणि पेपरात त्याचा संदर्भसुद्धा देत नाहीत, इतकं ते अंगवळणी पडलंय. प्रभाव पुरता मुरला की सायटेशनमधून तो नाहीसा होतो.

आता एक उदाहरण जवळून बघू: जपानी पेशीजीवशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी. १९८८ साली टोकियो विद्यापीठात त्यांना स्वतःची छोटी लॅब मिळाली, तेव्हा वय ४३. प्रश्न असा होता की पेशी उपाशी पडली की स्वतःचेच भाग मोडून त्यातला माल पुन्हा वापरते, ही ऑटोफॅजी यीस्टमध्ये चालते का. बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द दुव यांनी १९६३ साली तिला नाव दिलं होतं, पण ती चालवणारे जनुक कुणाच्या हाती लागले नव्हते. अडचण ही की यीस्टच्या व्हॅक्युओलमध्ये (पेशीतली पचनाची पिशवी) आलेली वस्तू लगेच पचून जाते, दिसणार काय? ओसुमींनी व्हॅक्युओलमधली प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. माल आत येत राहिला, पण पचेना. काही तासांत व्हॅक्युओल बारीक गोल कणांनी भरून गेला आणि ते कण साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली थरथरताना दिसू लागले. हे १९९२ साली 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'त आलं. मग त्यांनी ऑटोफॅजी न जमणारे म्युटंट वेचले आणि त्यांतून १५ जनुकांचा संच मिळाला. तो १९९३ चा पेपर 'फेब्स लेटर्स'मध्ये आला, छोटेखानी.

१९९५ साली कुणी समितीत बसून त्या पेपरचे सायटेशन मोजले असते तर काय हाती लागलं असतं? यीस्टच्या उपासमारीबद्दलचा एक पेपर. पण ते म्युटंट हातात होते म्हणून १९९८ साली त्यांच्याच गटाला प्रथिनं एकमेकांना जोडणारी नवी यंत्रणा सापडली. त्याच जनुकांचे माणसातले भाईबंद सापडू लागले. १९९९ साली बेथ लेव्हीन यांच्या गटाने ऑटोफॅजीचा एक जनुक स्तनाच्या कॅन्सरशी जोडला, आणि मग मेंदूचे आजार, संसर्ग, स्नायू सगळीकडून लोक या विषयात आले. नोबेल मिळालं २०१६ साली. तुमचे सर कॅन्सरच्या पेशीत ऑटोफॅजी मोजत असतील तर त्यांच्या वेस्टर्न ब्लॉटवरचा (प्रथिनं ओळखण्याची चाचणी) एलसी३ या ऑटोफॅजीची खूण मानल्या जाणाऱ्या प्रथिनाचा पट्टा ओसुमींच्या त्या यीस्टच्या जनुकांपर्यंतच मागे जातो.

प्रत्येक लहान एचमागे ओसुमी दडलेला नसतो, हे उघड आहे. १९९५ सालीही त्यांचा पेपर वाचणाऱ्याला मात्र कळलं असतं की प्रश्न मोठा आहे, पद्धत स्वच्छ आहे आणि हाती आलेलं साहित्य पुढे वर्षानुवर्षं वापरता येणार आहे. हे वाचून कळतं आणि तुम्हालाही कळेल.

सायटेशनमध्ये कधीच न दिसणारा प्रभावही असतो. पुण्याच्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांनी कॅन्सर संशोधक वसंत खानोलकरांच्या हाताखाली पीएच.डी. केली आणि पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये टिश्यू कल्चर (पेशी शरीराबाहेर वाढवणं) शिकल्या. हीला पेशी (माणसाच्या कॅन्सरमधून घेतलेली, जगभर वापरली जाणारी सेल लाइन) जिथे पहिल्यांदा वाढवल्या गेल्या ती ही लॅब. परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली, आणि १९७३ साली इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन करण्यात पुढाकार घेतला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांचा एच-इंडेक्स काढायला गेलात तर तो त्यांचं काम सांगणार नाही. तीच गोष्ट पुण्याच्या एनसीसीएसची (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र). तिथल्या भांडारातून देशभरातल्या लॅबना सेल लाइन जातात. त्या पेशी सांभाळणाऱ्या, तपासणाऱ्या, नायट्रोजनच्या टाक्या भरत्या ठेवणाऱ्या लोकांच्या जिवावर कितीतरी प्रबंध पूर्ण होतात. त्यांचं नाव लेखकांत क्वचितच येतं.

उलट बाजूही बघायला हवी, कारण भरपूर सायटेशन म्हणजे काम बरोबर असं नव्हे. पेशीजीवशास्त्राची ही जुनी दुखरी नस आहे. स्टॅनली गार्टलर यांनी १९६६ सालीच दाखवलं की वेगवेगळ्या नावांनी वापरल्या जाणाऱ्या अनेक सेल लाइन प्रत्यक्षात हीलाच आहेत. २०१७ सालच्या एका मोजणीत चुकीची ओळख असलेल्या सेल लाइनवर आधारलेले ३२ हजारांहून अधिक पेपर निघाले. हे पेपर पुढे सायट होतच राहतात. प्रतिमांचंही तसंच: एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली वीस हजारांवर पेपर डोळ्यांनी तपासले, तेव्हा ३.८ टक्क्यांत आकृत्यांची संशयास्पद पुनरावृत्ती आढळली. म्हणून सरांच्या पेपरांत सेल लाइनची एसटीआर तपासणी (डीएनएवरून ओळख पटवणारी) आणि मायकोप्लाझ्मा या पेशींत शिरणाऱ्या जिवाणूची चाचणी केल्याचा उल्लेख आहे का, बघा. ब्लॉट संपूर्ण दिले आहेत की फक्त कापलेली पट्टी? आलेखात एकेक बिंदू दिसतो की नुसते खांब? पबपीअर या छापलेल्या पेपरांवर शंका मांडण्याच्या वेबसाइटवर दोघांचीही नावं टाका. तिथे शंका दिसली की लगेच दोषी ठरवू नका. लेखकांनी उत्तर काय दिलंय, मूळ डेटा दाखवलाय का, हे वाचा.

इथवर पहिला प्रश्न झाला: एच बघायचा तर समवयस्क आणि समविषयी लोकांतच, शेवटचं नाव असलेले पेपर वेगळे काढायचे, चार-पाच वाचायचे, आणि इतरांनी ते कोणत्या वाक्यात वापरले ते बघायचं.

दुसऱ्या प्रश्नासाठी शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, उघडा. तिथे गाईडच्या नावाने प्रबंध शोधता येतात. प्रवेश कधी, प्रबंध कधी, याचा अंदाज घ्या. मग त्या विद्यार्थ्यांची नावं पबमेडवर टाका: प्रत्येकाचं पहिलं नाव असलेला निदान एक पेपर आहे का, की सगळे पेपर दोन-तीन पोस्टडॉकच्याच नावावर आहेत? ते विद्यार्थी आज कुठे आहेत? मोठ्या लॅबमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण तिथे तुम्हाला रोज शिकवणारी व्यक्ती गाईड नसते, एखादी सीनिअर असते, आणि ती वर्षभरात निघून जाते.

शक्य असेल तर दोन्ही लॅबमध्ये एक-दोन दिवस जाऊन बसा, लॅब मीटिंगला हजर राहा. कुणाचा प्रयोग फसल्याचं सांगितलं जातं तेव्हा गाईड काय विचारतात ते नीट ऐका. 'कंट्रोल काय घेतला होता?' असं विचारणारी लॅब आणि 'पेपर कधी पाठवायचा?' असं विचारणारी लॅब यांत फरक आहे. सध्याच्या विद्यार्थ्यांशी चहाला जा आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्यांशी बोला. पहिल्या वर्षातली मुलं सगळं छान सांगतात, आणि प्रबंध लिहीत असलेली दमलेली असतात.

तुमच्या बाबतीत सांगायचं तर, दोघांचेही प्रबंध वेळेत पूर्ण होत असतील आणि मॅडमच्या दोन-तीन पेपरांवर दुसऱ्या लॅब खरोखर काही उभारत असतील, तर मी मॅडमकडे झुकेन. सात वर्षांच्या लॅबमध्ये गाईड स्वतः अजून सूक्ष्मदर्शकाशी बसत असण्याची शक्यता जास्त, आणि यीस्टमध्ये जनुक काढण्यापासून पेशी बघण्यापर्यंतचा अख्खा प्रयोग तुमच्या हातून होतो. कंपनीत किंवा रुग्णांच्या नमुन्यांवर काम करायचं पक्कं असेल तर सरांची लॅब जवळची. मात्र तिथे जाण्याआधी तुमच्या प्रोजेक्टकडे रोज कोण बघणार, ते नाव विचारून घ्या. मॅडमनाही एक विचारा: चालू अनुदान कोणत्या वर्षी संपतंय आणि पुढचं मागितलंय का. हा प्रश्न उद्धट नाही, चांगला गाईड सरळ उत्तर देतो.

ठरलं की ज्यांच्याकडे जाणार नाही त्यांना त्याच दिवशी मेल करा. प्रतीक्षा यादीत तुमच्यासारखंच कुणीतरी असतं, आणि जेआरएफची मुदत त्यांनाही असते.